पहिल्या केमोआधी: मूलबाळाचा विचार, मुलासाठी आणि मुलीसाठी

विशीतल्या पेशंटला कॅन्सर निघाला की आपल्याकडे घरचे एकच विचारतात, "पोरगं वाचते ना?" मूलबाळाचा विषय काढायला जीभ रेटत नाही. पण तो पहिल्या केमोआधीच काढा, कारण नंतर मार्ग कमी होतात.

मूल होण्याची क्षमता जाण्याचा धोका औषधावर ठरतो. हॉजकिन लिम्फोमा या गाठींच्या कॅन्सरमध्ये एबीव्हीडी ही चार औषधांची केमो देतात; तिच्यानंतर ही क्षमता सहसा टिकते. सायक्लोफॉस्फामाइड हे केमोचं औषध मोठ्या डोसात असेल किंवा ओटीपोटावर रेडिएशन असेल, तर धोका बराच वाढतो.

मुलगा वयात आलेला असेल तर फार विचार करत बसू नका, शुक्राणू गोठवून घ्या. एक-दोन दिवसांचं काम आहे, केमो लांबत नाही. नमुना मात्र गोठवण्याच्या केंद्रातच जाऊन द्यायचा. तो अंगाच्या उबेत ठेवून तासाभरात लॅबमध्ये पोचावा लागतो; वणी किंवा आरमोरीहून नागपूरपर्यंत ते जमत नाही, आणि बर्फात घालून आणलेला वाया जातो. पंधरा-सोळाच्या पोराशी हे बापासमोर बोलू नका. डॉक्टरांना त्याच्याशी एकट्याशी बोलू द्या.

खरा पेच मुलीच्या बाबतीत. स्त्रीबीज गोठवायचं तर साधारण 10 ते 14 दिवस रोज इंजेक्शन, मधून मधून सोनोग्राफी, शेवटी भूल देऊन सुईने बीजं काढणं. म्हणजे तेवढे दिवस नागपुरात मुक्काम. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशन आणि केमोच्या मधे हा वेळ बहुधा सापडतो. झपाट्याने वाढणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये (अक्यूट ल्युकेमिया) सापडत नाही. तिथे मी आधी जीव म्हणेन. लग्न झालेलं असेल तर बीज आणि नवऱ्याचे शुक्राणू जुळवून लॅबमध्ये तयार केलेला गर्भही गोठवता येतो, कायद्याने 10 वर्षांपर्यंत. पाळीच आली नसेल तर अंडाशयाचा तुकडा गोठवणं हा एकच मार्ग, तोही मोजक्या ठिकाणी.

केमोच्या काळात अंडाशयाला विश्रांती देणारं महिन्याचं इंजेक्शन सोपं आहे. त्याचा फायदा मुख्यतः स्तनाच्या कॅन्सरमध्ये दिसला आहे, आणि ते बीज गोठवण्याची जागा घेत नाही. मुक्काम आणि खर्च दोन्ही झेपत असतील तर मी बीज गोठवायला सांगेन. उपचार सरकारी योजनेत बसला म्हणून गोठवणंही बसेल असं धरू नका. साठवणुकीचे पैसेही पुढे भरत राहावे लागतात.

नंतरच्या तपासण्यांसाठी दरवेळी मुंबई गाठायची गरज नाही. लहानपणी कॅन्सर झालेल्यांसाठी टाटा मेमोरियलमध्ये 1991 पासून वेगळं क्लिनिक आहे. पण मानेवर रेडिएशन झालं असेल तर थायरॉइडची वार्षिक तपासणी यवतमाळ-चंद्रपुरातही होते.

एका गोष्टीने मात्र जीव कळवळतो. स्थळं बघायला लागले की पोरीची फाईल जाळून टाकतात, कोणाला कळू नये म्हणून. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध किंवा छातीवरचं रेडिएशन घेतलेल्या मुलीचं हृदय वर्षांनी कमजोर होऊ शकतं, आणि गरोदरपणात त्याच्यावर ताण येतो. दिवस राहण्याआधी, निदान राहिल्याबरोबर, तिचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, व्हायला हवा. औषधांची नावं, एकूण डोस आणि रेडिएशनची जागा लिहिलेला डिस्चार्जचा कागद तिच्याजवळच राहू द्या. बाळंतपणाच्या डॉक्टरला तो पहिल्याच भेटीत दाखवायचा आहे.