कर्नलचा खोटा इशारा: गप्प करावा, गाळावा, की मुळाशी जावं?

गेल्या आठवड्यात इंदूरहून भाच्याचा फोन आला. राजेंद्रनगरात राहतो, भंवरकुआच्या एका कोचिंग क्लासची यंत्रणा बघतो. "मामा, तीन मशीनवर तोच निरोप येतोय. रीबूट केलं तरी जात नाही. खोटाच आहे ना? बंद करून टाकू?"

उबुंटू किंवा डेबियन (लिनक्सचे प्रकार) वापरणाऱ्यांना हा निरोप पाठ असेल. पॅकेजं (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) अद्ययावत केली की जांभळ्या किंवा निळ्या पडद्यावर राखाडी चौकट येते. चालू कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) अमुक आहे, अपेक्षित कर्नल तमुक आहे, मशीन रीबूट करण्याचा विचार करा, असं ती सांगते. हे काम ‘नीडरीस्टार्ट’ या प्रोग्रॅमचं. ‘बूट’ फोल्डरमधली सगळ्यात नवी कर्नल तो अपेक्षित धरतो आणि चालू कर्नलशी ताडून पाहतो. यंत्र सुरू होताना खरोखर कोणती कर्नल उचलली जाते, हे काही तो बघत नाही. गफलत होते ती इथेच.

भाच्यासमोर तीन वाटा होत्या: चौकट बंद करणं, चाळणी लावणं किंवा बूटची व्यवस्था दुरुस्त करणं. कोणती घ्यावी हे मशीनवर ठरतं, म्हणून आधी तिन्ही मशीन नीट पाहू.

पहिलं क्लासच्या सराव परीक्षांचं, उबुंटू २२.०४. चालू कर्नल ५.१५, ‘बूट’मध्ये ६.८ सुद्धा बसलेली. ग्रबची (सुरू होताना कोणती कर्नल घ्यायची ते ठरवणाऱ्या प्रोग्रॅमची) सेटिंग उघडली तर डिफॉल्टच्या ओळीत ५.१५ चं नाव पूर्ण लिहून ठेवलेलं. आधीच्या माणसाने कधीतरी कुठल्या तरी ड्रायव्हरसाठी ती खुंटी मारली आणि काढायची राहून गेली. रीबूट कितीही वेळा करा, ५.१५ च उठणार. म्हणजे इशारा अगदी खरा होता. शिवाय या मशीनवर पुढच्या सुरक्षा दुरुस्त्या ६.८ च्या मालिकेतून येत होत्या आणि चालू असलेली ५.१५ तशीच शिळी होत चालली होती. असाच प्रकार वेगळं ‘बूट’ पार्टिशन भरलं की होतो. नवी कर्नल अर्धवट बसते, ग्रबची यादी बदलत नाही, आणि आपण इशाऱ्यालाच खोटं ठरवतो.

दुसरं बॅकअपचं, भाड्याचं व्हर्च्युअल मशीन. तिथे चालू कर्नलचं नाव ‘बूट’मध्ये सापडलंच नाही, पॅकेजांच्या यादीतही नाही, मॉड्यूलच्या (कर्नलच्या जोडभागांच्या) फोल्डरातही नाही. हे तिन्ही जुळलं की समजायचं, कर्नल आपल्या डिस्कवरून येतच नाहीये, होस्ट, म्हणजे ज्या मूळ यंत्रावर हे व्हर्च्युअल मशीन चालतं तो, ती बाहेरून चढवतो. डिस्कवरची कर्नल नुसती शोभेला.

तिसरं रामबागेतल्या एका मराठी वाचनालयात, सूचनाफलकाच्या पडद्यामागे बसवलेलं रास्पबेरी पाय ५, एका बोर्डावरचा छोटा संगणक. इथे चालू आणि अपेक्षित कर्नलचा आकडा एकच होता, फक्त शेपूट वेगळं: एकीकडे २७१२, दुसरीकडे व्ही८. पायच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये वेगवेगळ्या बोर्डांच्या कर्नल शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि नीडरीस्टार्ट भलतीच अपेक्षित धरतो. निखळ खोटा इशारा तो हाच.

आता वाटांकडे येऊ. चौकट बंद करणं सगळ्यात सोपं, एका ओळीचं काम. नीडरीस्टार्टच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘कर्नलहिंट्स’ नावाची सेटिंग असते. तिथे शून्य लिहिलं की कर्नलची तपासणीच थांबते. उणे एक लिहिलं तर चौकट येत नाही, पण इशारा स्टँडर्ड एररवर (प्रोग्रॅमच्या चुका जिथे छापल्या जातात तिथे) छापला जातो. या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अपडेट स्क्रिप्टने चालत असेल आणि चौकट एंटरची वाट बघत अडून बसत असेल, तर उणे एक योग्य. शून्य मी कुणालाच सुचवणार नाही, आणि त्यामागे माझा अनुभव आहे. मी सांभाळत असलेल्या एका डेबियन सर्व्हरवर हा इशारा मी असाच बंद केला होता. २०२२ च्या मार्चमध्ये ‘डर्टी पाइप’ उघडकीला आलं. ५.८ पासूनच्या कर्नलमधली ही चूक इतकी वाईट, की साध्या खातेदारालाही फक्त वाचायची परवानगी असलेली फाइल बदलून रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, होता येत होतं. मी पॅकेजं त्याच दिवशी घातली आणि निर्धास्त झालो. रीबूट मात्र राहिलं. सांगणारा इशारा मीच मारून टाकलेला, त्यामुळे कित्येक आठवडे ते मशीन जुन्या कर्नलवर उघडं चालत राहिलं. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

नीडरीस्टार्ट काढूनच टाकणारेही आहेत. ते म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्याचं मुख्य काम वेगळंच आहे: ओपनएसएसएलसारखी लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो कोड) बदलल्यावर कोणत्या सेवा अजून जुन्या प्रतीवर चालल्यात ते सांगणं. ते कोण करणार मग?

चाळणी लावणं, म्हणजे ‘कर्नलफिल्टर’ या सेटिंगमध्ये फाइलच्या नावाचा नमुना देणं. आपल्या बोर्डाचीच कर्नल तुलनेला घ्यायची, बाकीच्या वगळायच्या. खरा इशारा जिवंत राहतो, खोटा तेवढा गळतो. पायसाठी हीच वाट, आणि ही सोय मुळात अशा यंत्रांसाठीच ठेवलेली आहे. फक्त नमुना लिहिताना आवृत्तीचा आकडा घालू नका, शेपटावर थांबा. आकडा घातला तर पुढची कर्नल आली तरी कळणार नाही.

बूटची व्यवस्था दुरुस्त करणं ही वेळ खाणारी वाट, पण पहिल्या मशीनला दुसरा उपाय नाही. खुंटी काढा, ग्रबची यादी पुन्हा तयार करा, जागा नसेल तर जुन्या कर्नल पॅकेज मॅनेजरकडूनच काढा. ‘बूट’मधल्या फाइली हाताने पुसू नका. जी खुंटी मारली होती ती कशासाठी, हे आधी विचारा, नाहीतर नव्या कर्नलवर नेटवर्क कार्डच उठायचं नाही. दुसऱ्या मशीनसाठी पुरवठादाराच्या पॅनलमध्ये स्वतःच्या डिस्कवरच्या ग्रबने बूट करायची सोय असेल तर तीच घ्यावी, म्हणजे दुरुस्त्या आपल्या हाती येतात. ती नसेल तर उणे एक लावा, आणि होस्टची कर्नल कोणत्या आवृत्तीची आहे ते पुरवठादाराला वरचेवर विचारत राहा.

निर्णयाआधीची तपासणी दोन मिनिटांची आहे. ‘यूनेम’ या कमांडला ‘आर’ देऊन चालू कर्नल पाहा. डेबियनवर ‘व्ही’ देऊनही पाहा, कारण तिथे कधी कधी नाव तेच राहतं आणि आतली दुरुस्ती बदलते. मग नीडरीस्टार्टला कर्नलपुरतं, बॅच पद्धतीने (काही न विचारता नुसतं छापायला लावून) चालवा. तो चालू आवृत्ती, अपेक्षित आवृत्ती आणि एक आकडा छापतो: १ म्हणजे काही बाकी नाही, २ म्हणजे त्याच नावाची सुधारित कर्नल वाट बघतेय, ३ म्हणजे नवी आवृत्ती. हा आकडा देखरेखीच्या स्क्रिप्टला जोडता येतो. चौकटीपेक्षा मला तोच जास्त कामाचा वाटतो.

लाइव्हपॅच वापरत असाल तर गोष्ट थोडी निराळी. उबुंटू प्रो वैयक्तिक वापरासाठी ५ मशीनपर्यंत मोफत आहे आणि त्यात ही सोय मिळते. गंभीर दुरुस्त्या चालू कर्नलच्या मेमरीत बसतात, नाव मात्र जुनंच दिसतं, म्हणून इशारा येत राहतो. तिथे घाबरून भर दुपारी रीबूट करू नका, ठरलेल्या वेळी करा. पण करा.

भाच्याने पायला त्याच संध्याकाळी चाळणी लावली. क्लासचा सर्व्हर रविवारी रात्री, मुलांच्या परीक्षा संपल्यावर, ६.८ वर उठला, आणि सोमवारी पॅकेजं घालताना चौकट आली नाही. बॅकअपच्या मशीनच्या पॅनलमध्ये ग्रबची सोय सापडली आहे. बदल करण्याआधी बॅकअप परत आणता येतो का ते करून बघ, एवढं मी त्याला बजावलंय.