तुरटी फिरवायची की पाणी उकळायचं?

पावसाळ्यात पूर्णाकाठच्या गावांत पाणी गढूळ येतं. तेव्हा आधी तुरटीच. हंड्यात चार वेढे फिरवली की मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात, तळाशी बसतात. वरचं नितळ पाणी हळूच ओतून घ्यायचं. जंतू मात्र पुरते जात नाहीत, त्याला उकळीच पाहिजे.

उकळताना वाफ होते तो भौतिक बदल. निवली की परत पाणीच. पातेल्याच्या बुडाचा पांढरा थर रासायनिक: पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेट क्षारांचं न विरघळणारं कार्बोनेट झालेलं. घासून हात दुखतात, लिंबानं सुटतो.

खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारट असलेल्या भागातल्या, विहिरीच्या मिठापुढे दोन्ही उपाय फोल. उकळून तर पाणी आटतं अन् खारटपणा वाढतो! तिथं वाफच धरून थंड करा, नाहीतर आरओ बसवा.