वेधशाळेत राहायचं, की विद्यापीठातून वेध घ्यायचे?

रेडिओ खगोलशास्त्रात पीएचडी संपत आली की हा पेच पडतोच. एकीकडे वेधशाळेतली नोकरी, म्हणजे दुर्बीण खिडकीतून दिसते आणि तिची दुखणीखुपणीही आपलीच. दुसरीकडे विद्यापीठ. तिथून प्रपोजल, म्हणजे दुर्बिणीचा वेळ मागणारा अर्ज, पाठवायचं, मंजूर झालं तर डेटा उतरवून घ्यायचा.

आधी एक भ्रम दूर करू. निरीक्षण करायला दुर्बिणीजवळ असावं लागतं, हे आता खरं नाही. चिलीतली आल्मा ही रेडिओ दुर्बीण ५००० मीटर उंचीवर आहे, आणि ज्याचं प्रपोजल मंजूर होतं तो तिथे जातच नाही. निरीक्षणं कर्मचारी करतात आणि प्राथमिक संस्कार केलेला डेटा घरबसल्या मिळतो. मग वेधशाळेत राहून मिळतं काय?

माझं उत्तर: गोंगाटाची, म्हणजे आकाशातल्या संदेशात मिसळणाऱ्या पृथ्वीवरच्या रेडिओ लहरींची, ओळख.

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या ६४ मीटर दुर्बिणीत काही वर्षं विचित्र स्पंदनं सापडत होती. दूरच्या आकाशगंगांतून येणाऱ्या क्षणिक रेडिओ स्फोटांसारखीच दिसणारी, पण पृथ्वीवरची. त्यांना ‘पेरिटॉन’ म्हणत. २०१५ मध्ये उगम सापडला, तो मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये! वेळ संपायच्या आत कुणी दार उघडलं आणि दुर्बीण नेमकी सोयीच्या दिशेला असली, की पेरिटॉन हजर. हे शोधायला असा गोंगाट मोजणारा तिथला नवा हस्तक्षेप-मापक कामी आला, आणि ओव्हन लावून बघणारी माणसंही. हजार किलोमीटरवरून हा छडा लागला नसता.

पण त्याच पार्क्सची दुसरी गोष्ट नेमकी उलट सांगते. दूरच्या आकाशगंगांतल्या त्या खऱ्या स्फोटांपैकी पहिला २००७ मध्ये जाहीर झाला, तो २००१ मध्ये नोंदवलेल्या जुन्या डेटात. जेमतेम काही मिलिसेकंदांची ती घटना त्या दिवशी कंट्रोल रूममध्ये कुणाच्याही लक्षात आली नव्हती. ती सापडली नंतर, शांतपणे डेटा चाळणाऱ्यांना. म्हणजे काठावर बसूनही मोठा मासा लागतो. मात्र तो मासा आहे की ओव्हन, हे ओळखायला पाण्यात उतरलेलं माणूस लागतं.

यंत्राशी सलगी म्हणजे काय, त्याचं एक छोटं उदाहरण. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांतल्या १४ मध्यभागी, एखाद्या किलोमीटरच्या चौकात, आणि बाकीच्या तीन भुजांवर पसरलेल्या. मधल्यांची नावं सी-०० पासून सी-१४ पर्यंत. नवखा माणूस यादीत सी-०७ शोधत बसतो, आणि ती नाहीच! तिथे राहणाऱ्याला हे पहिल्याच आठवड्यात कळतं. पुढे कुठली अँटेना कधी रुसते, कुठल्या बँडमध्ये (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात) कुठल्या वेळी कचरा जास्त येतो, हेही अंगवळणी पडतं. डेटा फ्लॅग करताना, म्हणजे खराब भाग खूण करून वगळताना, बाहेरचा माणूस सॉफ्टवेअरवर विसंबतो, आतला लॉग उघडतो आणि शेजारच्या इंजिनिअरला विचारतो.

वेळेच्या हिशोबात वेधशाळा बहुधा हरते. दिवसाचा मोठा भाग दुसऱ्यांच्या निरीक्षणांना मदत, चाचण्या आणि प्रपोजलांची तांत्रिक तपासणी यात जातो. विद्यापीठातही शिकवणं आणि अनुदानाचे अर्ज आहेतच, पण विषय निवडायची मोकळीक जास्त. आज आल्मा, उद्या दक्षिण आफ्रिकेतली मीरकॅट, परवा जीएमआरटी.

आता राहणीमान. यावर कुणी धड बोलत नाही, आणि माणसं सोडून जातात ती बहुतेक यामुळेच. रेडिओ दुर्बीण मुद्दाम वस्तीपासून दूर बांधतात. अमेरिकेतल्या ग्रीन बँक वेधशाळेभोवती १९५८ पासून सुमारे ३४,००० चौरस किलोमीटरचा रेडिओ-शांतता प्रदेश आहे. दुर्बिणीजवळ डिझेलच्या गाड्याच चालतात, कारण पेट्रोल इंजिनच्या स्पार्क प्लगची ठिणगीही रेडिओ गोंगाट करते. वाय-फायवरही बंधनं. ऐकायला रम्य वाटतं. पण जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा, आजारी आईवडील हे प्रश्न तिथे पहिल्याच वर्षी दारात उभे राहतात. शिवाय जेवणाच्या टेबलावर, कंट्रोल रूममध्ये आणि संध्याकाळच्या फेरफटक्याला तीच वीस-पंचवीस माणसं. भांड्याला भांडं लागतंच. त्याच छोट्या वस्तीत पहाटे तीनला रिसीव्हर बंद पडला, की प्राध्यापक आणि तंत्रज्ञ एकाच स्टुलावर वाकून बघतात. असा शेजार विद्यापीठात मला कधी दिसला नाही.

जीएमआरटीने यातून एक मधला मार्ग काढला आहे. अँटेना खोडदला, आणि ती चालवणारी एनसीआरए ही संस्था सुमारे ८० किलोमीटरवर पुण्यात. शहरात बिऱ्हाड ठेवून दुर्बिणीशी नातं राखता येतं. दोन्हीचा मोह असेल तर अशीच रचना शोधा.

उपकरण बांधायची हौस असेल, तर मी वेधशाळा निवडेन, निदान पहिली दोन-तीन वर्षं. पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ स्पंदनं पाठवणारा तारा, टिपणाऱ्या जोसलिन बेल यांनी १९६७ मध्ये ज्या अँटेनांच्या कागदी नोंदी तपासल्या, त्या उभारायलाही त्यांचेच हात लागले होते. कागदावरची ती बारीकशी खरखर नेहमीच्या हस्तक्षेपासारखी नाही, हे त्यांनी हेरलं. तुमचं मन सिद्धांतात किंवा मोठ्या सर्वेक्षणांच्या डेटात रमत असेल, तर मात्र दूर राहण्यात काहीच कमीपणा नाही. आल्माचा डेटाही साधारण वर्षभराने सगळ्यांना खुला होतो.

मुलाखतीला गेलात तर एकच प्रश्न नक्की विचारा: आठवड्यातले किती दिवस माझ्या स्वतःच्या संशोधनाला? आणि उत्तर लेखी घ्या.