निकाल छापून देणारं चोपड्याचं झेरॉक्स दुकान

चोपड्यात तहसील कचेरीच्या रस्त्याला झेरॉक्सची दुकानं ओळीनं आहेत. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, पासपोर्ट फोटो, कुठेही जा, तेच मिळतं. त्यातल्या एका दुकानाबद्दल मी मुद्दाम लिहितेय, कारण तिथे न्यायालयाचे निकाल मिळतात. मोबाइलवर फिरणारा मेसेज नाही, बातमीचं कात्रण नाही. सुप्रीम कोर्टाच्या संकेतस्थळावरून उतरवलेला मूळ निकाल, पानाला दोन रुपये दरानं. दुकान चालवतात त्यांना सगळे नाना म्हणतात.

मी गेले ते भाच्याच्या व्हॅलिडिटीसाठी, म्हणजे जमातीचा दाखला खरा असल्याच्या वैधता प्रमाणपत्रासाठी. ते पडताळणी समिती देते. टोकरे कोळी या अनुसूचित जमातीच्या दाखल्यावरून जळगाव-धुळ्याकडे घराघरात काय ताण असतो ते इथल्यांना सांगायला नको. मुलगा सीईटीत चांगले मार्क आणतो आणि घरचे मात्र पणजोबांच्या शाळेचा उतारा, गाव नमुना १४ ची (जुन्या जन्म-मृत्यू नोंदीची) नक्कल, काकांची व्हॅलिडिटी असं गोळा करत फिरतात. त्यात कुणीतरी सांगतं, ‘कागद असून उपयोग नाही, अ‍ॅफिनिटीत नापास करतात.’ म्हणजे कुळाचार, देव, लग्नातले विधी, बोली असं विचारून तुम्ही खरंच त्या जमातीचे आहात का ते ठरवायचं. शहरात वाढलेल्या पोरानं ते कुठून सांगावं?

नानांनी ऐकून घेतलं आणि २४ मार्च २०२३ चा निकाल काढला. महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समिती विरुद्ध महाराष्ट्र शासन. तीन न्यायमूर्तींच्या पीठानं त्यात स्पष्ट म्हटलंय की अ‍ॅफिनिटी टेस्ट ही निर्णायक कसोटी नाही, आणि प्रत्येक प्रकरणात ती लागतेच असंही नाही. संविधानाच्या आधीच्या जुन्या नोंदींना पुरावा म्हणून जास्त वजन आहे. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला रीतसर चौकशी होऊन व्हॅलिडिटी मिळालेली असेल, तर तीही मोठा आधार. पण नाना लगेच पुढचंही बोलले: ‘ही टेस्ट रद्द झाली असं कुणाला सांगू नका ताई, तसं यात नाही. समितीचं समाधान झालं नाही तर प्रकरण चौकशीला दक्षता पथकाकडे जातंच.’ मला हा माणूस तिथेच पटला. त्यांना काय, ‘हे लावा, काम झालं’ म्हणून पैसे घेता आले असते.

इंग्रजी प्रतीसोबत दोन पानांचं मराठी टिपण मिळालं. नानांची मुलगी जळगावला एलएलबी करते, ती हातानं लिहून ठेवते. ज्या निकालांचा कोर्टानं केलेला मराठी अनुवाद उपलब्ध आहे, तिथे तो देतात. पण अनुवादावरच छापलेलं असतं की तो पक्षकाराला समजण्यापुरता आहे आणि अधिकृत मजकूर इंग्रजीच. म्हणून नाना दोन गठ्ठे करतात: मराठी घरी वाचायला, इंग्रजी फाइलला लावायला. एवढं साधं आम्हाला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. भाच्याची फाइल समितीपुढे आहे, निर्णय व्हायचाय. पण या वेळी जोडपत्रात काय लावलंय आणि का लावलंय हे त्याचं त्याला सांगता येतं. पोरगा कोणाच्या तोंडाकडे बघत बसत नाही.

माझा नंबर येईपर्यंत तिथे बसावं लागतं, आणि बसल्या बसल्या बरंच कळतं. एकदा तिघेजण ‘एससीला क्रीमी लेयर लावल्याची ऑर्डर’, म्हणजे पुढारलेल्या घरांना आरक्षणातून वगळल्याची, मागायला आले, तावातावानं. नानांनी १ ऑगस्ट २०२४ चा दविंदर सिंग निकाल स्क्रीनवर उघडला. पाचशे पासष्ट पानं, सात न्यायमूर्ती, सहा वेगवेगळी निकालपत्रं. सगळं छापायचं तर अकराशे रुपयांच्या वर. त्यांनी छापू दिलं नाही. निष्कर्षाची पानं तेवढी काढून दिली आणि पेन घेऊन दाखवलं: अनुसूचित जातींचं उपवर्गीकरण, म्हणजे आरक्षणासाठी आतले गट पाडणं, करता येईल, हे सहा विरुद्ध एक असं ठरलं, ते करता येत नाही म्हणणारा २००४ चा चिन्नय्या निकाल गेला, राज्यानं ते आकडेवारीच्या आधारावरच करायचं आणि न्यायालय ते तपासू शकतं. क्रीमी लेयरबद्दल चार न्यायमूर्तींनी मत मांडलंय, पण कोर्टापुढचा प्रश्न तो नव्हता आणि तसा आदेशही नाही. आवाज चढला तसे नाना अहिराणीवर आले: ‘पहिले वाची ल्या, मंग भांडा.’ तिघे बाकावर बसून वाचत राहिले. त्या निकालावरून देशभर बंद झाला होता, आमच्या गल्लीत बोलाचाली झाल्या होत्या, आणि निकालाचं एक पानही गल्लीत कुणी पाहिलेलं नव्हतं. आरक्षणावर मतं वेगळी असणारच, माझीही आहेत. पण ज्या कागदावरून भांडतोय तो कागद समोर असावा, एवढं मला मनापासून वाटतं.

दुसरा प्रसंग एका वडापाववाल्याचा. अतिक्रमण हटाव येणार अशी कुणकुण होती, म्हणून तो ‘बुलडोझरचा निकाल’ घ्यायला आला. १३ नोव्हेंबर २०२४ चा तो निकाल मोठा आहे. बांधकाम पाडण्याआधी कारणे दाखवा नोटीस, उत्तराला निदान पंधरा दिवस, समक्ष सुनावणी, अंतिम आदेशानंतर आणखी पंधरा दिवस, पाडताना चित्रीकरण. पण रस्ता, पदपथ, रेल्वेलगतची जागा, नदीपात्र इथल्या अनधिकृत बांधकामाला हे संरक्षण लागू नाही, तेही त्यातच लिहिलेलं आहे. नानांनी पैसे घेण्याआधी तो परिच्छेदच त्याला वाचून दाखवला. बिचाऱ्याचा चेहरा उतरला. मग त्यांनी २०१४ चा पथविक्रेता कायदा काढला. कलम ३, पोटकलम ३: सर्वेक्षण पूर्ण होऊन सगळ्या विक्रेत्यांना प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणालाही हटवता येत नाही. एका पानाचं काम, दोन रुपये. हातगाडीवाल्याला पक्क्या घराचा निकाल विकणं सोपं होतं.

आता उणं काय ते. टोनर संपत आला की अक्षरं इतकी फिकी येतात की मोतीबिंदू झालेल्या माणसाला ती वाचता यायची नाहीत. तक्रार केली तर पानं बदलून देतात, पण तक्रार करावी लागते. जून-जुलैत प्रवेशाच्या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा निकालाचं काम संध्याकाळवर ढकलतात. मुलीची टिपणं उत्तम, पण ती कधी लिहिली याची तारीख त्यांवर नसते. कायदा बदलत राहतो, पुढचा निकाल येतो, आणि जुनं टिपण हातात घेऊन माणूस फसू शकतो. मी हे नानांना सांगितलंय.

अजून एक मागणं आहे. भिंतीवर त्यांनी ‘जास्त मागणी असलेले निकाल’ म्हणून यादी लावली आहे. त्यात ११ ऑगस्ट २०२० चा विनीता शर्मा निकाल नाही. मुलीचा वडिलोपार्जित जमिनीतला हक्क जन्मानं आहे आणि हिंदू वारसा कायद्यातला बदल लागू झाला त्या ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे त्यात ठरलं. कायद्यातच दिलेल्या २० डिसेंबर २००४ या तारखेच्या आधी रीतसर वाटणी झाली असेल तर मात्र ती पुन्हा उघडत नाही. आमच्याकडे केळीच्या बागा असलेल्या घरांत हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या घेतल्या जातात, त्याच कचेरीत, त्याच रस्त्यावर. सही करायची की नाही तो तिचा प्रश्न, पण आधी तिनं हे वाचलेलं असावं. म्हणून तो निकाल यादीत सगळ्यात वर हवा. मी तेही बोलले. नाना म्हणाले, बायका मागायला येत नाहीत. तर बायांनो, मागा.

जाताना निकालाचा क्रमांक न्या. नसेल तर पक्षकारांची नावं, तीही नसतील तर निदान तारीख. तेवढ्यावरून नाना शोधून काढतात. हे वकिलाचं दुकान नाही, सल्ला हवा असेल तर ते स्वतःच तालुका विधी सेवा समितीकडे पाठवतात. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तिथे वकील मोफत मिळतो. दुपारी दोन ते चार बंद असतं. सुट्टे पैसे जवळ ठेवा.