एलएस३चा ४१६ शॉर्ट ब्लॉक: अकरा महिन्यांनंतर

गाडी २०१३ची कॅमेरो एसएस, मॅन्युअल गिअरची. तिच्या एलएस३ या व्ही८ इंजिनाला ४१६ घन इंचांचा शॉर्ट ब्लॉक (इंजिनाचा खालचा भाग: ब्लॉक, क्रँक, रॉड आणि पिस्टन) बसवून अकरा महिने झाले. सुपरचार्जरचा बूस्ट, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरण्याचा दाब, १० पीएसआय. मुक्काम मिशिगनमध्ये, त्यामुळे अकरापैकी चार महिने रस्त्यावरच्या मिठाला भिऊन गाडी गॅरेजातच. बाकीच्या दिवसांत ६,००० मैल झाले.

मूळचं इंजिन ६.२ लिटर, ४२६ हॉर्सपॉवर. त्याचा क्रँक ओतीव, रॉड पावडर मेटलचे आणि पिस्टन हायपरयुटेक्टिक, म्हणजे कडक पण ठिसूळ. बूस्टवर थोडं नॉकिंग (इंधन भलत्या वेळी पेटणं) झालं तरी दोन रिंगांमधली लँड, म्हणजे पिस्टनवरची पट्टी, तडकते. नव्या ब्लॉकमध्ये ४ इंची स्ट्रोकचा (पिस्टनची वर-खाली चाल) फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेला, क्रँक, ६.१२५ इंची एच-बीम रॉड आणि २६१८ मिश्रधातूचे, २० सीसी खोलगट पिस्टन आहेत. बोअर (सिलिंडरचा व्यास) ४.०६५ इंचांचा ४.०७० केला. याच्या पुढे जाऊ नये, लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) पातळ आहेत. कॉम्प्रेशन ९.६ च्या आसपास बसतं. क्रँक मागवताना रिलक्टर (सेन्सर वाचतो ते क्रँकवरचं दातेरी चाक) ५८ दातांचाच आहे ना, ते विचारा. जुन्या २४ दातांचा आला तर एलएस३चा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) तो वाचणार नाही.

ताकदीबद्दल एक शब्द तक्रार नाही. पण सुपरचार्जर लावायचाच असेल, तर ४१६ घेऊ नका. डेकची उंची, म्हणजे क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या वरच्या सपाटीपर्यंतचं अंतर, ९.२४० इंच. त्यातून अर्धा स्ट्रोक २.०००, रॉड ६.१२५ वजा केला की पिस्टनच्या पिनच्या वर उरतात १.११५ इंच. मूळच्या ३.६२२ स्ट्रोकला त्याच रॉडवर १.३०४ मिळाले असते. हे १८९ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) म्हणजे जाड लँड आणि खाली सरकवलेली वरची रिंग. बूस्टला नेमकं तेच हवं असतं. आता पिनचं भोक ऑइल रिंगच्या खाचेत घुसतं, म्हणून खाली सपोर्ट रेल (आधाराची पातळ कडी) घालावी लागते. तिचा उंचवटा खाली तोंड करून पिनच्या भोकावर यायलाच हवा, नाहीतर रेल फिरते. शिवाय लांब स्ट्रोकमुळे पिस्टनचा स्कर्ट (खालचा घेर) लायनरच्या खाली डोकावतो आणि पिस्टन डुलतो. परिणाम: १,२०० मैलांना एक क्वार्ट (जवळपास एक लिटर) तेल. धूर नाही, पण डिपस्टिक बघायची सवय लागते.

थंडीत सुरू केल्यावर पहिली तीन-चार मिनिटं टकटक येते. २६१८ तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून पिस्टन आणि भिंतीत साडेचार थाऊ जागा ठेवली आहे. तापलं की आवाज जातो. गरम असतानाही गेला नाही, तर मात्र डोकं लावायची वेळ आली.

रिंग गॅपमध्ये (रिंगच्या दोन टोकांमधली फट) कंजुषी नको. वरची २६ थाऊ, दुसरी २८. रिंग पिस्टननेच बोअरमध्ये सरळ ढकलून फिलर गेज घाला आणि आठही सिलिंडर वेगवेगळे मोजा. गॅप कमी पडला तर उष्णतेने टोकं एकमेकांना भिडतात, रिंग अडकते आणि लँड उपटून काढते. होनिंग (सिलिंडरची बारीक घासाई) टॉर्क प्लेट, म्हणजे हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट, लावूनच हवं. मेनला (क्रँक धरणाऱ्या बेअरिंगच्या कॅपना) बोल्टऐवजी स्टड घातले तर लाइन होनिंगही, म्हणजे त्या बेअरिंगच्या भोकांची एका रेषेत घासाई, करावं लागतं, कारण आवळण्याचा जोर बदलला की कॅपचा गोल बिघडतो. इथे पहिल्या मशीन शॉपने ते न करताच ब्लॉक परत दिला होता. डायल बोअर गेज फिरवलं तेव्हा कळलं. रॉड बोल्ट टॉर्कवर न सोडता स्ट्रेच गेजने ताणून बघा.

विंडेज ट्रेला (क्रँकखालचा, तेल आवरणारा पत्रा) ४ इंची क्रँक घासतो, वॉशर घालून तो खाली घ्या. रॉडही ब्लॉकला कुठे लागत नाही ना, ते क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून बघा.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात घातक वस्तू म्हणजे ऑइल पिकअपची (तळातून पंपाकडे तेल नेणारा पाइप) ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी. बसवताना चिमटली तर पंप हवा ओढतो, गेजचा काटा नाचतो आणि बेअरिंग जातात. तेल लावून, पाइप तिरका न होऊ देता सरळ आत सरकवा. ब्लॉकच्या मागच्या बाजूला डंबेलसारखा एक प्लग असतो. तो विसरला तर तेल फिल्टरला वळसा घालून जातं, आणि हे कळतं इंजिन पुन्हा उघडल्यावरच.

सुरू करण्याआधी स्पार्क प्लग काढून, इंधन बंद करून, दाब दिसेपर्यंत स्टार्टरवर फिरवा. पहिलं तेल साधं, जास्त झिंकचं. ५० मैलांवर काढलं तेव्हा गाळात चमचम होती. ५०० मैलांवर फिल्टर कापून घडी उलगडली, तेव्हा कागद स्वच्छ निघाला.