लॅन्टस, बेसालॉग, टूजिओ, ट्रेसिबा की जुनं एनपीएच?

मधुमेहात उपाशीपोटीची साखर खाली आणण्याच्या बाबतीत ही सगळी बेसल (म्हणजे हळूहळू, बराच वेळ काम करणारी) इन्सुलिनं जवळपास सारखीच. डोस नीट वाढवत नेला तर एचबीएवनसीत (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या चाचणीत) फारसा फरक दिसत नाही. फरक पडतो तो रात्री शुगर लो होण्यात, वेळ चुकल्यावर आणि केमिस्टच्या बिलात.

एनपीएच (इन्सुलाटार्ड, ह्युमिन्सुलिन एन) सर्वांत स्वस्त. हे गढूळच असतं. तळाशी बसलेला पांढरा थर दोन तळहातांमध्ये अलगद फिरवून एकजीव करावा लागतो, नाहीतर आज पातळ आणि उद्या दाट असा डोस जातो. टोचल्यावर साधारण ४ ते १० तासांत याचा जोर असतो. म्हणजे रात्री आठला, जेवणाबरोबर घेतलं तर मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत, नेमकं पोट रिकामं असताना. झोपताना घेतल्यास तो जोर सकाळकडे सरकतो. रात्री लो होत नसेल तर एनपीएचला कमी लेखायचं कारण नाही.

ग्लार्जिन म्हणजे लॅन्टस, किंवा बायोकॉनचं बेसालॉग. पाण्यासारखं स्वच्छ, गढूळ दिसलं तर फेकून द्यायचं. द्रावण आम्लधर्मी असल्याने त्वचेखाली गेल्यावर त्याचे बारीक कण होतात आणि ते हळूहळू विरघळतात. म्हणून परिणाम साधारण २४ तास, मोठा चढ न येता. याच कारणाने ते दुसऱ्या इन्सुलिनबरोबर एका सिरिंजमध्ये भरू नये. बायोकॉनच्या ग्लार्जिनला अमेरिकेत २०२१ मध्ये लॅन्टसऐवजी थेट देता येण्याजोगं अशी मान्यता मिळाली, तेव्हा देशी म्हणून नाक मुरडायची गरज नाही. टाइप २ च्या बहुतेकांनी इथूनच सुरुवात करावी, असं आमचं मत. नेहमीचा आरंभ १० युनिट, मग डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे दर तीन दिवसांनी २ युनिटची वाढ. एनपीएच दिवसातून दोनदा घेणाऱ्याने ग्लार्जिनवर येताना एकूण डोस साधारण २० टक्के कमी करून सुरू करतात.

टूजिओ हेच ग्लार्जिन, पण तिप्पट दाट: एका मिलिलिटरमध्ये ३०० युनिट. त्वचेखाली होणारा साठा छोटा, म्हणून आणखी सावकाश सुटतं. लॅन्टसवरून आल्यास बऱ्याचदा १० ते १८ टक्के जास्त युनिट लागतात. उलट जाताना २० टक्के कमी करायचे, हे विसरलं की लो ठरलेलीच. पेनवर दिसतो तो आकडा युनिटचाच, गणित करू नका. त्यातून सिरिंजने कधीही ओढू नका.

ट्रेसिबाचा (डेग्लुडेक) परिणाम ४२ तासांहून जास्त टिकतो. शिफ्ट ड्यूटीवाल्यांना हे सोयीचं: वेळ मागेपुढे झाली तरी चालते, फक्त दोन डोसांत किमान ८ तास हवेत. २०१७ च्या डेव्होट चाचणीत, हृदयविकाराचा धोका असलेल्या टाइप २ रुग्णांत, साध्या ग्लार्जिनच्या तुलनेत गंभीर लो ४० टक्के कमी आढळली. एचबीएवनसी दोन्हीकडे सारखंच. डोस बदलल्यावर खरं चित्र ३–४ दिवसांनी दिसतं. रोजच्या आकड्यावर रोज युनिट हलवणाऱ्यांची इथे फजिती होते. रात्री वारंवार लो होत असेल तर जास्तीचे पैसे वसूल, नाहीतर ते ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांवर खर्च करा.

पण महागडं इन्सुलिनही वाया जातं ते टोचण्यात. रोज त्याच जागी टोचलं की चरबीची गाठ येते; तिथे दुखत नाही म्हणून लोक तिथेच टोचतात, आणि शोषण बेभरवशाचं होतं. मग वाढवलेला डोस कुणी जागा बदलून निरोगी त्वचेत दिला की लो. ४ मिमीची सुई, दर वेळी नवी; आधी २ युनिट हवेत सोडून पाहणं (टूजिओला ३); बटण दाबून दहापर्यंत मोजणं. व्हायल वापरत असाल तर मिलिलिटरमागे ४० युनिटच्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० च्या बाटलीला केशरी. १०० ची बाटली आणि लाल सिरिंज म्हणजे अडीचपट डोस! आणि बेसल वजनाच्या किलोमागे अर्ध्या युनिटच्या वर गेलं, तरी जेवणानंतरची साखर चढतीच असेल, तर दोष बेसलचा नाही. डॉक्टरांशी जेवणाच्या वेळच्या औषधाबद्दल बोला.

लहान डोसवाल्यांनी खरेदीआधी एक हिशेब करावा. वापरात घेतलेलं लॅन्टस २८ दिवस चालतं, टूजिओ ४२, ट्रेसिबा ५६, तेही ३० अंशांखाली. विदर्भातल्या मे महिन्यात स्वयंपाकघराच्या फळीवर ही अट पाळली जात नाही. रोज ६ युनिट आणि आधी हवेत सोडायचे २ धरले तर ३०० युनिटच्या लॅन्टस पेनमधून २८ दिवसांत २२४ जातात, उरलेले ७६ टाकायचे. तेवढ्याच युनिटचं ट्रेसिबाचं पेन मात्र ३७ दिवसांत पूर्ण संपतं. छापील किमतींची तुलना करताना हे धरा.