चेक इंजिन लाइट लागली तर पार्ट बदलायच्या आधी इथं दाखवा (सातारा एमआयडीसी)

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर आता साताऱ्यात बऱ्याच गॅरेजवाल्यांकडं आलाय, पण त्यावर काय दिसतंय ते नीट समजून घेऊन मगच गाडीला हात लावणारे मिस्त्री फार थोडे आहेत, आणि या गॅरेजचे दादा त्यातले आहेत म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

माझी गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक. चेक इंजिन लाइट लागलेली, सकाळी एका सेल्फला स्टार्ट व्हायची पण गरम झाली की उभ्या उभ्या थरथरायची आणि अ‍ॅव्हरेज पण पडलेलं. आधी दुसरीकडं दाखवली होती, तिथं स्कॅनर लावला, पी०१७१ कोड आला, म्हणजे मिक्श्चर लीन, हवा जास्त पेट्रोल कमी, आणि लगेच निकाल की ऑक्सिजन सेन्सर (इंजिनमधनं बाहेर पडणाऱ्या धुरातला ऑक्सिजन बघणारा) गेलाय, बदलून टाका. सेन्सर खराब झालाय हे कशावरून, असं मी विचारलं तर ‘स्कॅनरच सांगतोय ना’ एवढंच उत्तर. स्कॅनर असं काहीच सांगत नसतो! सेन्सरनं फक्त मिक्श्चर लीन आहे एवढा निरोप दिलेला असतो, लीन का झालं ते शोधायचं काम माणसाचं. निरोप आणणाऱ्यालाच धरून बडवायचा प्रकार आहे हा, आणि असे चांगले सेन्सर काढून लोकांकडनं हजारो रुपये घेतले जातात याचा मला खरंच राग येतो.

इथं आल्यावर दादांनी आधी बॉनेट पण उघडलं नाही. गार असताना होतं का गरम झाल्यावर, एसी लावला की वाढतं का, घाटात ओढायला कमी पडते का, हे सगळं विचारलं. मग पहिला प्रश्न, ‘ताई, कोड कुणी डिलीट तर नाही ना केला?’ केला नव्हता, त्याचा फार उपयोग झाला. कारण कोड पडतो त्या क्षणाची नोंद गाडीच्या कॉम्प्युटरमधे राहते, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात, आणि कोड पुसला की ती पण जाते. माझ्या गाडीच्या नोंदीत स्पीड शून्य, आरपीएम साडेसातशेच्या आसपास, कूलंट ९० डिग्री. म्हणजे गाडी गरम होऊन आयडलला, अ‍ॅक्सिलरेटर न देता नुसती चालू उभी असताना प्रॉब्लेम झालेला, पळताना नाही.

पुढचं त्यांनी मला स्क्रीनसमोर उभं करून दाखवलं. लाइव्ह डेटामधे फ्युएल ट्रिम म्हणून एक आकडा असतो, नेहमीच्या हिशोबापेक्षा कॉम्प्युटर किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय तो. त्यात शॉर्ट टर्म म्हणजे त्या क्षणाचा आणि लाँग टर्म म्हणजे बऱ्याच वेळात शिकून ठेवलेला. आयडलला लाँग टर्म ट्रिम अधिक २२ टक्के! चांगल्या गाडीत हा आकडा साधारण पाच-सातच्या आत असतो. मग त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर देऊन २५०० आरपीएमला धरून ठेवली तर ट्रिम उतरत उतरत पाचवर आला. ‘इथंच कळतंय बघा’ म्हणाले. पेट्रोल पंप कमजोर असता किंवा फिल्टर चोक असता तर उलटं झालं असतं, लोड वाढेल तसा ट्रिम चढला असता. आयडलला जास्त आणि रेस केल्यावर कमी याचा अर्थ कुठूनतरी फालतू हवा आत शिरतीय. माझ्या गाडीत आत जाणारी हवा मोजायला एमएएफ सेन्सर आहे, त्याच्या पुढं चीर पडली तर तिथनं येणारी हवा मोजलीच जात नाही. आयडलला थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असतो म्हणून मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनमधे हवा नेणारा पाइप, जोरात खेचतं, मोजलेली हवा थोडी आणि चोरून येणारी त्या मानानं जास्त, रेस केली की मोजलेली हवाच एवढी वाढते की चोरट्या हवेचा हिस्सा किरकोळ होतो.

मग मॅनिफोल्डकडनं निघणारा पीसीव्ही होज (इंजिनच्या आतली वाफ परत मॅनिफोल्डमधे नेणारी रबरी नळी) त्यांनी पकडीनं हळूच दाबला. मी स्क्रीनकडं बघत होते, शॉर्ट टर्म ट्रिम झपकन खाली, वजा पंधराच्या पण पुढं गेला, ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज ०.१ वरनं ०.८ ला चढलं आणि थरथर थांबली. ज्या सेन्सरला खराब ठरवलं होतं त्यानंच मिक्श्चर रिच झाल्याचं लगेच दाखवलं! होज काढला तर वाकतो तिथं खालच्या अंगाला चिरलेला, वरनं बघून कधीच दिसला नसता. नवीन होज, दोन क्लॅम्प, मजुरी आणि स्कॅनिंगचे पाचशे धरून सेन्सरच्या किमतीच्या पाव पण पैसे गेले नाहीत. नंतर यवतेश्वरच्या घाटात स्कॅनर लावूनच ट्रायल घेतली, चढावर ट्रिम कुठं जातोय ते बघितलं आणि मगच चावी हातात दिली.

माझ्या शेजारीच कोरेगावचा एक पिकअप उभा होता, आल्याची पोती भरून चढाला लागला की ओढत नाही, लाइट लागते आणि गाडी लिंप मोडला जाते, म्हणजे इंजिन वाचवायला कॉम्प्युटर ताकद कमी करून टाकतो. डिझेल, कोड पी००८७, रेल प्रेशर कमी, म्हणजे इंजेक्टरला डिझेल पुरवणाऱ्या पाइपात दाब कमी. त्या काकांना कुणीतरी हाय प्रेशर पंपाचा खर्च सांगून घाबरवलेलं. दादांनी कॉम्प्युटर किती प्रेशर मागतोय आणि प्रत्यक्ष किती मिळतंय हे दोन आकडे शेजारी शेजारी लावले, लोडला मागणी हजार बारच्या वर आणि मिळतंय त्याच्या खूप खाली, पण पंपाला हात लावायच्या आधी डिझेल फिल्टर काढून बघितला तर काळाकुट्ट. फिल्टर बदलून परत तेच दोन आकडे लावले तर आता बरोबर चालत होते. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, सीझनमधे गाडी उभी राहणं परवडत नाही हो शेतकऱ्याला.

एक माहिती, फोन करताना गाडीचं वर्ष आधी सांगा. आपल्याकडं बीएस-४ या प्रदूषणाच्या नियमांबरोबर २०१० ला ओबीडी, म्हणजे गाडीनं स्वतःच बिघाड ओळखून कोड ठेवायची व्यवस्था, आलं आणि ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून, त्यामुळं त्याच्या नंतरच्या बीएस-४ चारचाकीला स्टेअरिंगखाली सोळा पिनचं पोर्ट असतं आणि पी० ने सुरू होणारे कोड सगळ्या कंपन्यांत सारखेच. जुन्या गाड्यांचं काही सांगता येत नाही, काहींना कंपनीचा वेगळा स्कॅनर लागतो. आणि ऑनलाइन मिळणारा ब्लूटूथ डोंगल घेतला असेल तर कोड वाचायला जरूर वापरा, पण त्यातल्या बऱ्याच जणांना एबीएस आणि एअरबॅगचे कोड दिसत नाहीत. शिवाय गाडी बंद असली तरी त्या पोर्टला बॅटरीचा करंट चालू असतो, बरेच दिवस गाडी उभी ठेवणार असाल तर काढून ठेवा. आणि लाइट नुसती लागलेली असेल तर सावकाश गाडी आणता येते, पण ती ब्लिंक करत असेल तर मिसफायर जोरात चाललाय, म्हणजे सिलिंडरमधे पेट्रोल नीट पेटत नाहीये, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधे (सायलेन्सरच्या पाइपातला धूर साफ करणारा डबा) जाऊन तो जळतो, तिथंच बाजूला घ्या आणि फोन करा.

कमी काय आहे ते पण सांगते. बसायला जागा नाही, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, त्या पण उन्हात. शनिवारी रविवारी तुडुंब गर्दी. रिपोर्ट प्रिंट करून देत नाहीत, स्क्रीनचे फोटो आपणच काढायचे, मी काढलेत. चावी प्रोग्रॅमिंग आणि एअरबॅगचं काम घेत नाहीत, सरळ शोरूमला जा म्हणतात, ते मला आवडलंच. काम झाल्यावर थोडे दिवस गाडी चालवून परत यायला सांगतात, लाइट लागली नसली तरी पेंडिंग कोड (बिघाड दिसलाय पण अजून पक्का झालेला नाही असा) पडलाय का ते बघायला, त्याचे पैसे घेत नाहीत. माझ्या गाडीत काही निघालं नाही, ट्रिम आयडलला अधिक तीन. सकाळी लवकर जा, इंजिन गार असतानाच गाडी त्यांच्या दारात उभी करा म्हणजे स्टार्ट केल्यापासून गरम होईपर्यंतचे सगळे आकडे त्यांना बघता येतात.